मोहिमांवरची पुस्तकं सुचवा, पण नायकाची आरती नको

रातवाचक:
एव्हरेस्टवरची तीन-चार पुस्तकं वाचून झाली. आता समुद्र, बर्फ, जंगल, काहीही चालेल, पण माणसं खरोखर अडकलेली हवीत. नायकाला ओवाळणं नको आणि इंग्रजी जड नको. मागे एका दर्यावर्द्याची रोजनिशी आणली होती. ऐंशी पानं झाली तरी वारा कुठून कुठे, एवढंच. ठेवून दिली.

होकायंत्र:
डोळे मिटून आल्फ्रेड लान्सिंगचं 'एन्ड्युरन्स' (१९५९) घ्या. अंटार्क्टिका खंड आरपार ओलांडायला निघालेल्या ब्रिटिश मोहीमकार शॅकल्टनचं हे जहाज १९१५ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या बर्फात चिरडलं, त्याची हकिगत. लान्सिंगनं त्या लोकांच्या रोजनिश्या वाचल्या, जे हयात होते त्यांना गाठलं. त्यामुळे कोण कुणावर कुरकुरत होतं तेही कळतं. सहा जण बावीस-तेवीस फुटी होडीतून मदत आणायला दक्षिण जॉर्जिया बेटाकडे निघतात, तो भाग रात्री सुरू करू नका. २८ पैकी २८ वाचले.

जुनी बोट:
२८ वाचले ते त्या जहाजावरचे. खंडाच्या दुसऱ्या बाजूनं वाटेत अन्नसाठे पेरायला त्याचीच दुसरी तुकडी होती, तिच्यातले तिघे गेले. हे सगळे सोयीस्करपणे विसरतात.

माझं मत चेरी-गॅरार्डच्या 'द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड'ला (१९२२). दक्षिण ध्रुवावर निघालेल्या कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेतला हा तरुण, चष्म्याशिवाय धड दिसत नाही आणि त्या थंडीत चष्मा लावायची सोय नाही. १९११ च्या हिवाळ्यात, सूर्य उगवतच नाही अशा दिवसांत, तिघे एम्परर पेंग्विनची अंडी आणायला निघाले. एकदा तंबूबाहेर येऊन यानं मान वर करून इकडेतिकडे पाहिलं, तेवढ्यात अंगावरचे कपडे गोठले. पुढचे चार तास मान तशीच वर ठेवून सामानाची घसरगाडी ओढली! वादळात तंबूही उडाला. पदरात काय, तर तीन अंडी. आणि हे सगळं रडगाणं न गाता सांगतो. बरोबरचे विल्सन आणि बॉवर्स पुढच्या वर्षी ध्रुवावरून परतताना स्कॉटबरोबरच मेले. त्यांना शोधायला निघालेल्यांत हाही होता.

सुरुवात संथ आहे. सरळ हिवाळी प्रवासाच्या प्रकरणावर उडी मारा.

होकायंत्र:
अहो, इंग्रजी सोपं हवंय त्यांना. हे जाडजूड आहे.

जुनी बोट:
बरं, मग हेयरडालचं 'कॉन-टिकी'. १९४७, बाल्सा या हलक्या लाकडाच्या ओंडक्यांचा तराफा, पेरू ते पॅसिफिकमधली पॉलिनेशिया बेटं, १०१ दिवस. जाणकार म्हणत होते ओंडके बांधलेले दोर घासून तुटणार. लाकूड इतकं मऊ निघालं की दोर त्यात रुतून बसले. पॉलिनेशियात पहिली माणसं दक्षिण अमेरिकेतून आली हा त्याचा दावा मात्र संशोधकांनी मानला नाही, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

रातवाचक:
लान्सिंग आणलं. सुरुवातच जहाज सोडायच्या हुकुमानं! नकाशाचं पान सारखं उलटावं लागतंय म्हणून त्याचा फोटोच काढून ठेवलाय. चेरी-गॅरार्ड त्यानंतर. त्या तीन अंड्यांचं पुढे काय झालं ते मात्र कुणी सांगू नका.