नायट्रेट ८० वर अडलंय, दर आठवड्याला पाणी बदलूनही उतरत नाही

खारंपाणी:
२०० लिटरची रीफ टाकी (खाऱ्या पाण्याची, जिवंत प्रवाळांची) आहे, खाली संप, म्हणजे गाळणीचं सामान ठेवायची दुसरी टाकी. दीड वर्ष झालं. दोन क्लाउनफिश, एक रॉयल ग्रामा असे मासे, आणि झोअँथस व एक हॅमर असे कोरल, म्हणजे प्रवाळ. दर रविवारी २० लिटर पाणी बदलतो, आरओ-डीआयचंच (क्षार काढून शुद्ध केलेलं). स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) चालू आहे. फिल्टर सॉक (गाळणीची पिशवी) पंधरा दिवसांनी धुतो. तरी नायट्रेट टेस्टच्या किटचा रंग ८० पीपीएमशीच जुळतो. हॅमर तीन आठवडे नीट फुललेला नाही, रोज सकाळी आधी त्याच्याकडेच बघतो. एकदम निम्मं पाणी बदलू का?

प्रवाळवेडी:
निम्मं एकदम नको. कोरलला जास्त नायट्रेटपेक्षा अचानक झालेला बदल जास्त बाधतो.

आधी आकडा खरा आहे का ते बघा. इतक्या वर किटचे रंग एकमेकांत मिसळतात. एक भाग टाकीचं पाणी, नऊ भाग आरओचं पाणी घेऊन टेस्ट करा आणि आलेल्या आकड्याला १० ने गुणा. मीठ घालून तयार केलेल्या नव्या पाण्याचीही टेस्ट करा, ती बहुतेक जण विसरतात.

आता हिशेब. तुम्ही १० टक्के पाणी बदलता, म्हणजे ८० मधले ८ जातात. आकडा तिथंच आहे याचा अर्थ आठवड्यात तेवढेच ८ टाकीत पुन्हा तयार होतात. २० टक्के बदललंत तर तो ४० च्या आसपास थांबेल, त्याखाली जाणार नाही. खरा उपाय ते ८ कमी करण्यात आहे. खायला काय आणि किती घालता? संपमध्ये स्पंज किंवा सिरॅमिक रिंग आहेत का?

खारंपाणी:
नवं पाणी शून्य. टाकीचं ८० च. फ्रोझन मायसिसचे (कोळंबीसारखे बारीक जीव) दोन क्यूब रोज, वितळलेल्या पाण्यासकट. स्पंज आहे, सुरुवातीपासून तोच. आज पिळला तर बादलीभर काळपट गाळ निघाला.

प्रवाळवेडी:
सापडलं की! त्या गाळातला अमोनिया जिवाणू नायट्राइट करतात, मग नायट्रेट. पुढे त्याचा नायट्रोजन वायू व्हायला ऑक्सिजन नसलेली जागा लागते, ती टाकीतल्या दगडांच्या आत असते, स्पंजमध्ये फारशी नाही. स्पंज काढूनच टाका, काम दगड करतील. सॉक दर तीन दिवसांनी बदला. क्यूब बारीक गाळणीत धुऊन द्या. तीन छोट्या माशांना एकसुद्धा पुष्कळ झाला. वाळू सायफन करताना दर वेळी एक चतुर्थांशच घ्या.

संपमध्ये जागा असेल तर चेटो (हिरवं समुद्री शेवाळ) वाढवा. त्याचा दिवा मुख्य दिवे बंद असताना लावा, रात्रीचा पीएच फारसा घसरत नाही. वाढलेला चेटो कापून बाहेर काढायचा, नायट्रेट त्याच्यासोबतच बाहेर जातं.

निळीखाडी:
व्होडका डोसिंग (नायट्रेट खाणारे जिवाणू वाढावेत म्हणून पाण्यात थोडी व्होडका घालणं) सुचवणारे भेटतील, म्हणून माझा अनुभव सांगतो. घाईत मात्रा दुप्पट केली. रात्रीतून पाणी दुधासारखं झालं, मासे पृष्ठभागावर धापा टाकत होते. जिवाणूंनी ऑक्सिजन ओढून घेतला होता. मासे वाचले, एक अ‍ॅक्रोपोरा (हेही कोरलच) गेली. अजून हळहळ वाटते. करायचंच असेल तर मात्रा आठवड्याला अगदी थोडी वाढवा आणि चांगल्या स्किमरशिवाय करू नका. फॉस्फेटही मोजत राहा, ते शून्यावर आलं की जिवाणू नायट्रेट घ्यायचेही थांबतात.

खारंपाणी:
सहा आठवडे झाले. स्पंज नाही, रोज एकच धुतलेला क्यूब, दर रविवारी ४० लिटर. व्होडका घातली नाही. रंग आता ४० पेक्षा फिका आहे. चेटो मुठीएवढा होता, आता दोन ओंजळी झालाय. परवा हॅमरची दोन तोंडं पूर्ण फुलली! शून्यापर्यंत न्यायचं का?

प्रवाळवेडी:
वा, छान! शून्य मात्र नको. कोरल फिकट पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म जिवांचा तपकिरी चिकट थर आला की तो हटवणं नायट्रेटपेक्षा अवघड. ५ ते १० वर ठेवा. हॅमरला तेवढं लागतंच.