‘गिफ्ट’ : भेट, विष की विवाहित?

प्रश्न : जर्मन डब्यावर कवटीच्या चित्राशेजारी ‘गिफ्ट’ छापलेलं असतं, म्हणजे विष. इंग्रजीत गिफ्ट म्हणजे भेट. हे दोन वेगळे शब्द योगायोगाने सारखे झाले का?

उत्तर : नाही, शब्द एकच. इंग्रजी ‘गिव्ह’ आणि जर्मन ‘गेबन’ ज्या धातूची, त्याच ‘देणे’ अर्थाच्या धातूपासून तो आला. जुन्या जर्मनमध्येही त्याचा अर्थ ‘देणं, दिलेली वस्तू’ असाच होता. ‘मिटगिफ्ट’ या शब्दात तो अजून टिकून आहे: मुलीसोबत दिलेलं, म्हणजे हुंडा. विषाशी त्याचा काही संबंध नाही.

विषाचा अर्थ आला वैद्यकातून. ग्रीक ‘डोसिस’ म्हणजे देणं. आपला ‘दान’ शब्द ज्या ‘दा’ धातूचा, त्याच घराण्यातला. वैद्यांच्या लॅटिनमध्ये डोसिस म्हणजे औषधाची मात्रा झाली, आणि तो शब्द जर्मनमध्ये उतरवताना नेमका ‘गिफ्ट’ वापरला गेला. मात्रेवरून जीवघेणी मात्रा, आणि तिथून विष. विषाचं नाव थेट न घेण्याची माणसाची सवयही यामागे असणार, असं माझं मत आहे. आपणही उंदीर मारायचं ‘औषध’ आणि फवारणीचं ‘औषध’ म्हणतोच की! फ्रेंच ‘प्वाझों’ आणि त्यावरून आलेला इंग्रजी ‘पॉयझन’ यांचं मूळही लॅटिनमधल्या साध्या ‘पेय, घोट’ अर्थाच्या शब्दात आहे.

जर्मॅनिक भाषांचा, म्हणजे जर्मन, डॅनिश, आइसलँडिक ज्या कुळातल्या त्या भाषांचा, विषासाठीचा जुना शब्द वेगळाच होता. जर्मनमध्ये त्याचा आज ‘आयटर’ म्हणजे पू झाला आहे. डॅनिशमध्ये कोळ्याला ‘एडरकोप’ म्हणतात, त्यातला ‘एडर’ तोच. आइसलँडिकमध्ये मात्र अजूनही विषाला त्याच घरातला शब्द आहे.

प्रश्न : मग स्वीडिशमध्ये ‘गिफ्ट’ म्हणजे विवाहित कसं?

उत्तर : मला सगळ्यात आवडणारा भाग हाच. तिथे विवाहितही ‘गिफ्ट’ आणि विषही ‘गिफ्ट’. उच्चार दोन्हींचा ‘यिफ्ट’. लग्नाचा अर्थ देशी आहे, विषाचा जर्मन बाजूने आलेला. मुलगी ‘दिली’ जायची, म्हणून ‘दिलेली’ म्हणजे विवाहित. पुढे तोच शब्द नवऱ्यालाही लागू झाला. मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही. ‘थोरलीला साताऱ्याला दिली’ म्हटलं की ‘लग्नात’ हा शब्द कुणी जोडत नाही, आणि ‘दिल्या घरी सुखी राहा’ हा आशीर्वाद तर घराघरांत आहे.

इंग्रजीचंही तसंच. जुन्या इंग्रजीत हा शब्द सापडतो तो वधूमूल्याच्या अर्थाने, आणि अनेकवचनात लग्न या अर्थाने. ‘भेट’ हा अर्थ आणि सुरुवातीचा कठोर ‘ग’ हे दोन्ही नंतर स्कँडिनेव्हियन वस्तीच्या प्रभावातून आले. आइसलँडिक ‘गिफ्ता’ म्हणजे तर सद्भाग्य: नशिबाने दिलेलं.

प्रश्न : डचमध्ये कोणता अर्थ धरायचा?

उत्तर : डचांनी वाटणी केली आहे. ‘गिफ्ट’ लिहिलं तर देणगी, शेवटचा ‘ट’ गाळून ‘गिफ’ लिहिलं तर विष. पण ‘विषारी’साठी विशेषण करताना तो ‘ट’ परत येतो, तेव्हा डबा उघडण्याआधी पूर्ण शब्द वाचा.