मदत हवी आहे: एडीएचडी आणि शेवटच्या पायरीवर अडकणारं काम

प्रश्न:
एडीएचडीचं (लक्ष टिकवणं आणि काम तडीस नेणं अवघड करणारी स्थिती) निदान झालेलं आहे, औषध चालू आहे. काम सुरू होतं, बरंचसं उरकतंही, पण शेवटची पायरी राहते. नेमकं उदाहरण आयकर रिटर्नचं: फॉर्म सबमिट होतो आणि ई-व्हेरिफिकेशन (रिटर्न आपलंच असल्याची ऑनलाइन खात्री देणं) ‘नंतर’वर जातं. रिमाइंडर वाजतो, बोटाने बंद होतो. ठोस पद्धत सुचवा.

उत्तर १:
रिमाइंडर वेळ सांगतो, हात कुठे घालायचा ते सांगत नाही. एडीएचडीचे अभ्यासक, मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली हेच मांडत आलेत: एडीएचडीत माहिती कमी पडत नाही, माहीत असलेलं त्या क्षणी हातून होत नाही. म्हणून आधार कामाच्या जागी हवा.

यादीतलं ‘रिटर्न भरणे’ खोडा, ते कामांचं गाठोडं आहे. पहिल्या बैठकीत फक्त फॉर्म १६ (कंपनीने दिलेलं पगार आणि करकपातीचं प्रमाणपत्र), २६एएस (जमा झालेल्या कराचा तपशील) आणि एआयएस (व्याजासह वर्षभराच्या व्यवहारांची आयकर खात्याकडची नोंद) एका फोल्डरमध्ये घ्या. हुरूप आला तरी पुढे जाऊ नका. दुसऱ्या बैठकीत बँकेचं व्याज एआयएसशी जुळवा. दोन्हींना २५ मिनिटांचा टायमर. तो वाजला की उठण्याआधी पुढची एकच कृती चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवा: ‘मुदतठेवीचं व्याज एआयएसमध्ये शोधणे’. तिसऱ्या बैठकीला तासभर ठेवा. भरणं, सबमिट, व्हेरिफाय एका दमात.

उत्तर २:
घसरायची जागा म्हणजे व्हेरिफाय करताना फोनवर येणारा आधार ओटीपी. फोन हातात घेतला की नोटिफिकेशन दिसतात आणि लक्ष तिकडेच जातं. बसण्याआधी फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर टाका, मेसेजचं अ‍ॅप उघडून कीबोर्डशेजारी ठेवा. आधारशी जोडलेला नंबर चालू आहे का, हे पहिल्याच बैठकीत तपासा. नसेल तर नेट बँकिंगने व्हेरिफाय करता येतं.

सबमिटची पावती दिसली की निकड संपते, म्हणून तिथेच काम सुटतं. व्हेरिफिकेशनची मुदत १ ऑगस्ट २०२२ पासून १२० ऐवजी ३० दिवस आहे. ती चुकली तर व्हेरिफाय केल्याची तारीखच रिटर्नची तारीख धरतात आणि विलंब शुल्क ५,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतं. व्हेरिफाय झाल्याचा संदेश दिसेपर्यंत यादीतली ओळ खोडू नका.

प्रश्नकर्ता:
तिसऱ्या बैठकीला कोणाला सोबत बसवावं का?

उत्तर १:
जरूर. व्हिडिओ कॉलवर आपापलं काम करत गप्प बसणारं कोणीही चालेल. सुरुवातीला मोठ्याने सांगा, ‘तासाभरात व्हेरिफिकेशनचा संदेश दाखवतो’, आणि खरंच दाखवा. त्या माणसाने मध्ये टोकायचं नाही, हे आधीच ठरवा. घरचं माणूस असेल तर टोकण्यावरून लगेच वाद होतो आणि रिटर्न बाजूला राहतं.