शुक्रावर ढग म्हणायचं की मळभ?

चांदणी: शाळेच्या मुलांसाठी शुक्रावरचा एक लेख मराठीत करतेय. मी "सल्फ्युरिक ॲसिडचे ढग" लिहिलं तर तपासणाऱ्या बाईंनी ढग खोडून मळभ केलं, म्हणे ढग पाण्याचेच असतात आणि शुक्राचं आभाळ तर कधी उघडतच नाही. मला नाही पटलं. पाणी आहेच की त्या थेंबांत, ढोबळमानाने तीन भाग ॲसिड नि एक भाग पाणी. तुम्ही काय म्हणाल?

रानवारा: बाईंचं बरोबर आहे. मल अधिक अभ्र, मळकं आभाळ. आंब्याला मोहोर आला आणि मळभ धरलं की आमच्या आजीचा जीव टांगणीला, कारण तुडतुडे पडणार. ऊन नाही, धड पाऊस नाही, नुसतं कोंदलेलं. शुक्रावर तेच ना, ॲसिडचा पाऊस पडतो पण खाली साडेचारशे डिग्रीच्या वर तापलेलं, थेंब वाटेतच वाफ होऊन जातात, जमिनीला काही लागत नाही.

अभ्यंकरकाका: मळभ हे खालून बघणाऱ्याचं झालं. १९८५ मध्ये व्हेगा यानांनी सोडलेले फुगे ५४ किलोमीटरवर त्या थरात तरंगत होते, ते काय मळभात तरंगत होते म्हणायचं? ढगच. आणि ते सल्फ्युरिक ॲसिड काढा आधी, गंधकाम्ल हा चांगला शब्द आहे आपला.

चांदणी: काका, मुलं पुस्तकात सल्फ्युरिक आम्ल वाचतात, गंधकाम्ल कोण म्हणतं आता?

अभ्यंकरकाका: म्हणत नाहीत म्हणून तर लिहायचं. सल्फर डायॉक्साइडवर अतिनील किरण पडतात, पुढे पाण्याशी संयोग होऊन हे आम्ल बनतं, म्हणजे मुळात सगळा गंधकाचा खेळ. गंधकाम्ल म्हटलं की पोराला ते ऐकूनच कळतं, सल्फ्युरिक पाठ करावं लागतं.

पेठकर: मग तेजाब का नको? फारसी आहे म्हणून? तेज म्हणजे जहाल, आब म्हणजे पाणी, शुक्राच्या ढगाला याहून नेमका शब्द दाखवा.

रानवारा: सोनाराकडे तेजाब म्हणजे नायट्रिक हो. चांदी विरघळते, सोनं राहतं. शुक्रावर कुठून आणताय ते?

पेठकर: म्हणून तर गंधकाचा तेजाब म्हणायचं.

रानवारा: गंधकाचं. आमच्याकडे ते तेजाब.

पेठकर: छे, तो तेजाब. आमच्या आळीत सगळे सोनार तो म्हणतात.