मुलीला सेमिनरीत जायचं आहे. इंदूरहून पुणे की जबलपूर? सल्ला हवा

छावणीची_ताई (इंदूर)

सगळ्यांना सलाम. आमची मोठी मुलगी इथेच बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मंडळीत (आमच्या चर्चमध्ये) संडे स्कूल घेते, तरुण संघाचं काम बघते. दिवाळीच्या सुट्टीत तिने आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की तिला पाचारण आहे, म्हणजे देव सेवेसाठी बोलावतो आहे, असं तिला मनापासून वाटतं आणि बी.ए. झाल्यावर सेमिनरीत, म्हणजे चर्चचे पाळक (धर्मगुरू) घडवणाऱ्या कॉलेजात, थिऑलॉजी (ख्रिस्ती धर्मशास्त्र) शिकायची आहे. बी.एड. करून मिशनच्या शाळेत लागेल असं ह्यांनी मनात धरलं होतं, त्यामुळे ते अजून गप्पच आहेत. माझा विरोध नाही. पण आमच्या दोन्ही घरांत आजवर कुणी सेमिनरीत गेलेलं नाही, त्यामुळे कुणाला काय विचारावं तेही सुचत नाही.

तिथे दिवसभर काय असतं? डिग्रीला किंमत आहे का? घरात आम्ही मराठी बोलतो, उपासना हिंदीत, शाळा-कॉलेजही हिंदी माध्यमाचं. इंग्रजी वाचते, पण लिहायला अडते. आणि मुलगी म्हणून पुढे मंडळीत तिला काय काम मिळेल? माहितगारांनी कृपया सविस्तर लिहा.

---

निवृत्त_पाळक

ताई, सलाम. पुणे की जबलपूर हा प्रश्न जरा मागे ठेवा. पहिला प्रश्न असा की तिला पाठवणार कोण आणि शिकून ती परत येणार कुणाकडे?

आपल्याकडे थिऑलॉजीच्या कॉलेजात दोन वाटांनी जाता येतं. एक, डायोसिसने किंवा कॉन्फरन्सने (म्हणजे आपल्या भागातल्या मंडळ्यांच्या वरच्या संस्थेने) पाठवलेला उमेदवार. आधी स्थानिक मंडळीची पास्टोरेट कमिटी (मंडळीचा कारभार बघणारी समिती) शिफारस करते, मग डायोसिस मुलाखत घेते, खर्चाचा काही भाग उचलते. शिकून आल्यावर नेमणूक तेच देतात आणि काही वर्षं तिथे सेवा करणं बंधनकारक असतं. दुसरी वाट स्वतंत्र उमेदवाराची. पैसे घरचे, मोकळीक पूर्ण, पण शेवटच्या वर्षी सगळ्यांच्या हाती नेमणुकीची पत्रं येत असताना अशा उमेदवाराने काय करायचं ते ठरलेलं नसतं. मी माझ्या सेवाकाळात अशी हुशार मुलं पाहिली आहेत. डिग्री हातात होती, पण त्यांना ओळखणारी मंडळी पाठीशी नव्हती, आणि ती खचली. म्हणून फॉर्म भरण्याआधी मुलीला घेऊन तुमच्या पाळकांकडे जा. ह्यांनाही बरोबर न्या. बापाच्या मनातली भीती पाळकांसमोर बोलली गेली तर बरं असतं.

आता कॉलेजं. जबलपूरचं लेनर्ड थिऑलॉजिकल कॉलेज शंभर वर्षांहून जुनं आहे. हिंदी पट्ट्यात सेवा करणाऱ्या पाळकांच्या पिढ्या तिथून निघाल्या. इंदूरहून रात्रीच्या गाडीने सकाळी पोचता. पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. ती १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्यात आली. तिथे देशभरातली मुलं असतात. पुण्यातच युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी ऑफ महाराष्ट्रही आहे. मुलीला माळव्यात, निमाडात काम करायचं असेल तर जबलपूरचा विचार आधी करा. महाराष्ट्रातल्या मंडळ्यांत जायचं असेल तर पुणे. कॉलेजच्या नावापेक्षा ज्या लोकांत पुढे राहायचं त्यांच्या जवळ राहून शिकणं मला जास्त मोलाचं वाटतं.

---

वडोदऱ्याची_लेक

सलाम ताई. मी वडोदऱ्याची, आमचं घर दांडिया बाजारात. सध्या पुण्यात एका सेमिनरीत बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, थिऑलॉजीची पदवी) करते, तिसरं वर्ष. दिवसाबद्दल विचारलंत म्हणून लिहिते.

सकाळी साडेपाचला हॉस्टेल जागं होतं. प्रत्येकीचा शांत वेळ असतो, म्हणजे पवित्र शास्त्र वाचन आणि प्रार्थना. मग नाश्ता, चॅपल आणि दुपारपर्यंत तास. जुना करार, नवा करार, मंडळीचा इतिहास, ईश्वरज्ञान, नीतिशास्त्र, इतर धर्मांचा अभ्यास, समुपदेशन. ग्रीक आणि हिब्रूची ओळख होते. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचायची, स्वरांच्या खुणा अक्षरांच्या खाली-वर. पहिली सहामाही नुसती अक्षरं ओळखण्यात जाते. दुपारी श्रमदान: बाग, मेस, लायब्ररी, ज्याची पाळी असेल ते. संध्याकाळी खेळ, रात्री सक्तीचा अभ्यास. जेवणाचं सांगायचं तर भात भरपूर, पोळी कमी. मिझोराम-नागालँडच्या मुली चार सुरांत गातात, त्यांच्याकडून गाणं शिकायला मिळतं.

पण खरं शिक्षण दोन ठिकाणी होतं असं मला वाटतं. एक उपदेशाचा वर्ग. पंधरा मिनिटांचा संदेश सगळ्या वर्गासमोर द्यायचा. वर्गमित्रांच्या हातात कागद असतो. वचनाचा अर्थ नीट सांगितला का, उदाहरण वचनाला धरून होतं का, शेवटच्या बाकावर ऐकू आलं का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरी जाऊन ऐकणाऱ्याने काय करायचं ते कळलं का. मग सर विचारतात, "हाच संदेश ज्या बाईचा नवरा गेल्या आठवड्यात वारला तिच्यासमोर देशील का?" त्या प्रश्नानंतर वाक्यं बदलतात.

दुसरं म्हणजे हॉस्पिटल. काही आठवडे आम्हाला वॉर्डात पाठवतात. रुग्णापाशी बसायचं, बोलायचं, आणि परत येऊन तो संवाद शब्दाला शब्द लिहून काढायचा. त्याला व्हर्बेटिम म्हणतात. आजी म्हणाल्या, "मुलगा फोन करतो, येत नाही." त्यावर विद्यार्थी म्हणाला, "देव तुमच्याबरोबर आहे." मार्गदर्शक त्या ओळीवर बोट ठेवतात: आजी मुलाबद्दल बोलत होत्या, तू विषय का बदललास? त्यांचं दुःख ऐकवेना म्हणून का? असं ओळीओळीने चालतं. ह्या पद्धतीला क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन म्हणतात. ज्या कॉलेजात ते नीट चालतं तिथे मुलीला जरूर पाठवा.

शनिवार-रविवारी जवळच्या मंडळ्यांत सेवा असते आणि उन्हाळ्यात इंटर्नशिप. तेव्हा पाळकांच्या घरी राहून लग्न, अंत्यविधी, आजारभेटी, मंडळीतली भांडणं, सगळं जवळून दिसतं.

---

हिशेबनीस (वडोदरा)

डिग्रीच्या किमतीबद्दल लिहितो, कारण इथेच पालक गोंधळतात.

पश्चिम बंगालमधलं सेरामपूर कॉलेज १८१८ मध्ये केरी, मार्शमन आणि वॉर्ड ह्या मिशनऱ्यांनी काढलं. सेरामपूर तेव्हा डॅनिश लोकांच्या ताब्यात होतं. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने सनद देऊन कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार दिला, आणि १९१८ च्या सेरामपूर कॉलेज कायद्याने तो कायम राहिला. सेरामपूर कॉलेजच्या सेनेटशी (पदव्या देणाऱ्या मंडळाशी) जोडलेल्या कॉलेजांतली बी.डी. ही कायद्याचा आधार असलेली पदवी आहे. पदवीधराला चार वर्षं लागतात, बारावीनंतर थेट गेलं तर पाच. लेनर्ड आणि बिबवेवाडीची सेमिनरी दोन्ही सेरामपूरशी जोडलेल्या आहेत.

दुसरी बरीच कॉलेजं आशिया थिऑलॉजिकल असोसिएशनच्या मान्यतेवर चालतात. ती चर्चच्या जगातली मान्यता आहे, अभ्यासाचा दर्जाही चांगला असू शकतो. पण ती सरकारमान्य विद्यापीठाची पदवी नव्हे. प्रॉस्पेक्टसमध्ये "मान्यताप्राप्त" एवढंच लिहिलं असेल तर कुणाची मान्यता ते लेखी विचारा.

तुमची मुलगी बी.ए. पूर्ण करून जाते आहे ही फार चांगली गोष्ट. उद्या एम.ए. किंवा बी.एड. करावंसं वाटलं तर विद्यापीठाची पदवी हातात असेलच. बारावीनंतर घाईने गेलेल्यांना पुढे अडचण येते.

खर्चात फी, मेस, पुस्तकं आणि प्रवास असे चार भाग वेगवेगळे मागून घ्या. डायोसिस मदत करणार असेल तर ह्यातलं काय उचलणार तेही कागदावर घ्या. बंधनाची अट किती वर्षांची, मध्येच लग्न झालं तर काय, हे आत्ताच विचारायचं.

---

छावणीची_ताई

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, खूप आभार. ह्यांनी रात्री बसून सगळं वाचलं. त्यांचे दोन प्रश्न आहेत. एक, भाषेचं काय? दोन, फिल्डवर्क म्हणून पोरींना खेडोपाडी पाठवतात, हल्लीच्या दिवसांत ते सुरक्षित आहे का?

---

वडोदऱ्याची_लेक

ताई, भाषेचा प्रश्न खरा आहे. बी.डी.ची बहुतेक पुस्तकं इंग्रजीत आहेत. माझं शिक्षण गुजराती माध्यमात झालं. पहिल्या वर्षी दर आठवड्याला दोन पानं इंग्रजीत लिहून सीनिअर ताईकडून तपासून घेत होते, त्याचा फार उपयोग झाला. परीक्षेनंतरचे महिने मोकळे असतील तर तेव्हापासून सुरू करू दे. प्रवेश परीक्षा कोणत्या भाषेत आणि पेपर हिंदीत किंवा मराठीत लिहिता येतात का, हे प्रत्येक कॉलेजला विचारा.

पण प्रार्थना आणि उपदेश मराठी-हिंदीतच पक्के करू दे. ग्रीक-हिब्रू शिकायची ती शेवटी आपल्या माणसांना आपल्या भाषेत सांगण्यासाठी. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनचा एवढा व्याप सांभाळून ह्या दोन्ही भाषा शिकल्या आणि मूळ भाषांतून सबंध पवित्र शास्त्र मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या वारल्या, तोवर ते काम त्यांनी पुरं केलं होतं. तुमच्या मुलीला हे जरूर सांगा.

---

निवृत्त_पाळक

सुरक्षेचं मी सांगतो. मध्य प्रदेशात धर्मस्वातंत्र्याचा कायदा (जबरदस्तीने, फसवून किंवा आमिषाने होणाऱ्या धर्मांतरावर बंदी घालणारा) १९६८ पासून आहे आणि २०२१ मध्ये नवा, जास्त कडक कायदा आला. गुजरातेतही २००३ चा कायदा आहे. जबाबदार कॉलेज विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी हे कायदे समजावून सांगतं. फिल्डवर्क स्थानिक मंडळीच्या पाळकांच्या देखरेखीखाली, मंडळीच्याच कुटुंबांत, लहान मुलं असतील तर आईवडिलांच्या परवानगीने. मुलींना जोडीने पाठवतात, एकटीला कधीच नाही. मुलाखतीला जाल तेव्हा प्राचार्यांना थेट विचारा: फिल्डवर्कला कुठे पाठवता, सोबत कोण असतं, काही झालं तर फोन कुणाला करायचा? स्पष्ट उत्तर मिळालं नाही तर तिथे पाठवू नका.

---

नवी_वाट

मुलीची अजून खात्री होत नसेल तर आधी डीटीएस (डिसायपलशिप ट्रेनिंग स्कूल) करून बघू दे. वायवॅम (यूथ विथ अ मिशन) ह्या ख्रिस्ती संस्थेचा शिष्यत्वाचा कोर्स आहे, साधारण पाच-सहा महिन्यांचा. अर्धा काळ वर्ग, अर्धा काळ बाहेर सेवा. माझ्या बहिणीला स्वतःचं मन ओळखायला त्याची फार मदत झाली.

---

निवृत्त_पाळक

डीटीएसला माझा विरोध नाही. विश्वासात वाढायला चांगला आहे. फक्त त्यावर पाळकीय दीक्षा (पाळक म्हणून अधिकृत नेमणुकीचा विधी) मिळत नाही आणि तो बी.डी.ची जागा घेत नाही, एवढं लक्षात असू द्या.

---

पाळकबाई (गुजरात)

ताई, मुलगी म्हणून पुढे काय, ह्याला कुणी हात लावला नाही म्हणून लिहिते. सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आणि मेथडिस्ट चर्चमध्ये स्त्रियांना दीक्षा मिळते. सीएनआयमध्ये आधी डीकन (सहायक सेवक), मग प्रेसबिटर (पूर्ण पाळक). मी स्वतः दीक्षित आहे, प्रभुभोजन देते, लग्नं लावते.

तरीही खरं ते सांगते. काही मंडळ्या बाईपाळक स्वीकारायला वेळ घेतात. माझ्या पहिल्या नेमणुकीत अंत्यविधीला लोक शेजारच्या गावाहून पुरुष पाळकांना बोलवत. मी तरीही प्रत्येक घरी जात राहिले. आजारपणात, बाळंतपणात बायका मला जे सांगायच्या ते त्यांनी कुठल्याच पुरुषाला सांगितलं नसतं. पुढे त्याच बायकांनी कमिटीत उभं राहून सांगितलं की आमच्या घरचे विधी बाईच करतील. मुलीला अशी चिकाटी लागेल, आणि घरचा आधार लागेल. सासरचा प्रश्न येईल तेव्हाही तुम्हा दोघांना तिच्या बाजूने बोलावं लागेल.

मंडळीशिवायही कामं आहेत: मिशन हॉस्पिटलात चॅपलेन (रुग्णांना भेटणारी पाळक), मुलींच्या हॉस्टेलची अधीक्षक, शाळेत धर्मशिक्षण, भाषांतर, पुढे एम.टीएच. (थिऑलॉजीची पदव्युत्तर पदवी) करून शिकवणं. तिला माणसांजवळ बसायला आवडतं की पुस्तकांजवळ, हे तुम्ही आई म्हणून आमच्यापेक्षा जास्त ओळखता.

---

छावणीची_ताई

पाळकबाई, तुमचं वाचून मुलगी बराच वेळ माझ्याजवळ बसून होती. तिचं म्हणणं आहे की तिला इथल्याच हिंदी मंडळ्यांत काम करायचं आहे. म्हणून जबलपूर आधी, पुण्याचाही फॉर्म भरून ठेवणार. रविवारी उपासनेनंतर आम्ही तिघंही पाळकसाहेबांना भेटतोय. ह्यांनीच वेळ मागून घेतली. फॉर्मबरोबर पाचारणाची साक्ष लिहून द्यायची असते ना, ती कशी लिहावी?

---

निवृत्त_पाळक

दोन पानांत, तिच्याच शब्दांत. मोठमोठी वचनं गोळा करून भरू नका. संडे स्कूलमधल्या कुठल्या मुलाशी काय घडलं, कुणी तिला "तू हे कर" म्हणालं, कुठे शंका आली, हे लिहू दे. मुलाखत घेणारे त्यातूनच प्रश्न काढतात. बाप्तिस्म्याचा आणि दृढीकरणाचा दाखला, पाळकांचं पत्र, वैद्यकीय दाखला हे सगळं आत्तापासून जमवा. बी.ए.चा निकाल उशिरा लागला तर विद्यापीठाकडून तात्पुरतं प्रमाणपत्र घ्या. वर्ग साधारण जूनमध्ये सुरू होतात.

---

वडोदऱ्याची_लेक

आणि ताई, पुण्याचं ठरलं तर इंदूर-पुणे गाडी वडोदऱ्यावरूनच जाते. मला इथे निरोप टाका, एकाच डब्यात तिकीट काढू.