नर्सिंगसाठी लोन पाहिजे, बाबांचा सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) खराब आहे, मदत करा

नमस्कार मंडळी, कर्नाटकातल्या, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून लिहितोय. बहिणीची पीयूसी (बारावी) झाली सायन्समधून, तिला बीएस्सी नर्सिंगच करायचंय, चार वर्षांचा कोर्स, सरकारी सीट लागली तर प्रश्नच नाही पण प्रायव्हेटची फी अन् हॉस्टेल धरून आवाक्याबाहेर जातंय. बँकेत गेलो तर साडेसात लाखापर्यंत तारण लागत नाही म्हणाले, मग बाबांचा सिबिल काढला अन् साहेबांचं तोंडच बदललं. बाबा चुलत्याच्या ट्रॅक्टर लोनला जामीन होते ओ, हप्ते त्यानं थकवले अन् डाग ह्यांना, पोरीचा ह्यात काय संबंध?

आता विचारायचं असं की सहकर्जदार म्हणून बाबांच्या जागी मामाला घातलं तर चालतं काय, मामा चंदगडला असतात, पगारदार आहेत, पण महाराष्ट्रातले म्हणून इथली ब्रांच अडवणार काय? विद्यालक्ष्मी ह्या सरकारी पोर्टलवर एज्युकेशन लोनला ऑनलाइन अर्ज करता येतो, तिथनं कुणाला मिळालंय काय? मायक्रोफायनान्सकडं जायचं नाही हे घरात पक्कं ठरलंय, गल्लीत वसुली बघितलीय. एसएसपीवर (कर्नाटक सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलवर) स्कॉलरशिप भरणारच, पण ती मागनं येते अन् फी आधी लागते. थकलेलं खातं सेटल करू नका (म्हणजे कमी पैशात मिटवू नका), पूर्ण भरून एनओसी (बाकी नसल्याचा दाखला) घ्या असं एकानं सांगितलं, बरोबर आहे, पण तेवढे पैसे असते तर लोन कशाला काढलं असतं!

बेळगाव, निपाणी भागात असं लोन कुणी काढलं असेल तर कुठल्या ब्रांचला विचारायचं तेवढं सांगा की. कन्नड फॉर्म भरायला माणूस आहे, त्याची काळजी नाही.