दूर गेलेला देव आणि अंगणातलं मडकं

आफ्रिकेतला परमेश्वर सृष्टी घडवून लांब निघून गेला, त्याला कोणी पूजत नाही, असं अनेकदा म्हटलं जातं. नायजेरियातल्या योरुबा लोकांचा परमेश्वर ओलोडुमारे याच्यापुरतं ते बरंचसं पटतं. त्याची देवळं नाहीत, नैवेद्य जातो तो ओरिशांना, म्हणजे त्याच्या हाताखालच्या देवतांना. पण घानाच्या अकान लोकांना हे सरसकट लावू नका. त्यांचा परमेश्वर, आभाळातला न्यामे, दूर गेल्याची गोष्ट त्यांच्यातही आहे: एक म्हातारी उखळात फुफू (उकडलेल्या कंदांचा गोळा) कांडायची, तिचं मुसळ दर वेळी आभाळाला लागायचं, म्हणून तो वर वर सरकत गेला. तरीही असांते या अकान लोकांतल्याच एका समाजाच्या जुन्या घरांच्या अंगणात ‘न्यामे दुआ’, म्हणजे देवाचं झाड, रोवलेलं असे. तीन फाट्यांचा लाकडी खांब, बेचक्यात मडकं, त्यात पाणी. ते पाणी घरच्यांच्या अंगावर शिंपडायचे. याला पूजा नाही तर काय म्हणायचं?

शिवाय जमिनीवर मद्य ओतून प्रार्थना करताना पहिलं नाव ओन्यांकोपोन क्वामेचंच, म्हणजे न्यामेचंच (क्वामे म्हणजे शनिवारचा), मग धरणीमाता असासे या, मग पूर्वज. हा क्रम मला फार बोलका वाटतो. त्यांची एक म्हणही आहे: लेकराला देव कोणी दाखवून देत नाही, म्हणजे तो त्याला आपसूकच कळतो.